कोऱ्या बाटलीची तहान

समीक्षा हरड रुजू झाली त्या सकाळी तिने पहिली चूक दारातच केली.

“मावशी, चिटणीस सर कुठे बसतात?”

सुंदरा वेखंडे हातातला बाटल्यांचा ट्रे तसाच धरून थांबली. अंगात पांढरा कोट, हातातल्या हिरव्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकवून त्यांना रबर लावलेलं. तिने पोरीला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. नवी चप्पल, नवी बॅग, कानात इवलेसे खडे.

“मावशी? तुज्या आयेची भैन हाय काय गो मी?”

“नाही हो, तसं नाही... मग काय म्हणू?”

“सुंदराबाई म्हन. सगळे म्हनतात. कुटली तू?”

“मुरबाडची. म्हणजे सरळगावच्या पुढची.”

“मंग आलीस कशी? तुमच्याकडं रेल्वे कुटं हाय?”

“एसटीने. किन्हवलीवरून.” समीक्षाने बॅग खांद्यावर नीट घेतली. “आणि रेल्वे येणार आहे आमच्याकडे.”

“माजं लगीन झालं तवापासून येतेच हाय ती.”

“असू दे. म्हसाच्या जत्रेत घोंगड्या घ्यायला तरी अख्खं शहापूर आमच्याकडेच येतं ना!”

सुंदराला हे उत्तर आवडलं. आवडलं म्हणूनच राग आला. तिने हनुवटीने सरांची खोली दाखवली आणि ट्रे घेऊन आत गेली. २००४ सालचा सप्टेंबर होता.

शहापूरहून तानशाकडे जाणाऱ्या रस्त्याला, सागाच्या झाडीत, पत्र्याच्या छपराची एक लांबट इमारत होती. गावात तिला ‘ॲटमचं हापिस’ म्हणत आणि आत बॉम्ब बनतो असं निम्म्या गावाचं मत होतं. सुंदराने ते खोडायचा प्रयत्न बारा वर्षं केला.

“दुकानदाराचं वजन खरं का खोटं, ते कशावरून ताडतात?” ती विचारायची.

“सरकारी वजनावरून.”

“तसं आमी सरकारी वजन बनवतो.”

“कशाचं?”

“दिसत नाय त्याचं.”

यावर समोरचा हसायचा. पण तिने सांगितलं ते अगदी बरोबर होतं. जमिनीत, पाण्यात, गाळात किरणोत्सारी पदार्थ अगदी कणभर असतात. ते मोजायची यंत्रं ठिकठिकाणी असतात. पण यंत्र खरं बोलतंय की नाही हे ठरवायला एक पक्कं माप लागतं: इतक्या ग्रॅम पाण्यात इतकाच पदार्थ, ना रेसभर जास्त ना कमी. तशी मापं या इमारतीत बनत. त्यातलं सगळ्यात नाठाळ म्हणजे शिसे-२१०, साध्या शिशाचा किरणोत्सारी भाऊबंद. ते हवेतून थोडं थोडं खाली पडतं, तळ्याच्या गाळात थराथराने अडकतं आणि ठरलेल्या वेगाने झिजतं, बावीस वर्षांत निम्मं. किती उरलं ते कळलं की गाळाचा तो थर कधी बसला ते कळतं. तानसा तलावात कुठल्या वर्षी किती गाळ आला हे असंच काढलं होतं. त्या वेळच्या मोजणीला लागलेलं माप सुंदराच्या हातचं होतं.

एकोणीसशे ब्याण्णवमध्ये ती इथे झाडू मारायला लागली होती. शिक्षण सातवी. डॉक्टर कुट्टी नावाचे एक मल्याळी शास्त्रज्ञ काट्याच्या खोलीत बसायचे. काटा म्हणजे तराजू, पण असा की त्याच्यावर डोक्याचा एक केस ठेवला तरी आकडा दाखवायचा. पंखा लावायचा नाही, खिडकी उघडायची नाही, शेजारी बोलायचं नाही. कुट्टी साहेब प्लास्टिकची छोटी कुपी ज्योतीवर तापवून तिचं तोंड ओढायचे. केसाएवढी बारीक शेपटी निघायची. कुपी तोलायची, शेपटीतून एक थेंब सोडायचा, कुपी पुन्हा तोलायची. जेवढं वजन घटलं तेवढा थेंब. दोन वर्षं सुंदरा काचेपल्याड फडकं घेऊन उभी राहिली आणि बघत राहिली. एक दिवस साहेबांचा हात कापायला लागला. वय झालं होतं.

“सुंदराबाई, तुम करके देखो.”

“मी? मी झाडूवाली हाय सायेब.”

“झाडू रखो, कुपी पकडो.”

पहिल्या दिवशी तिने रंगीत पाण्याचे चाळीस थेंब टाकले. एकही दुसऱ्यासारखा नव्हता. दोन वर्षांनी तिचे थेंब जुळ्या भावंडांसारखे पडायला लागले. कुट्टी साहेब वजनांचा कागद बघून मान हलवायचे आणि म्हणायचे, “ये हाथ सरकार का है, इसको संभालो.” त्या दिवसापासून तिने उजव्या हाताने लाकडं फोडणं बंद केलं. नवरा जयराम म्हणाला, “बरंय, आता लाकडं मी फोडायची आनि हात सरकारचा.”

साहेबांनी तिला आणखी एक गोष्ट शिकवली होती. नव्या बाटल्या आल्या की त्या साध्या शिशाच्या पाण्याने गळ्यापर्यंत भरून एक रात्र ठेवायच्या, सकाळी ओतून, खंगाळून सुकवायच्या. ती म्हणाली, कशाला सायेब?

“नई मटकी पानी पीती है ना?”

“नवं मडकं? पितं की. पयलं पानी सगळं पिऊन टाकतं.”

“काच भी पीता है. थोडासा. हमारा माल ही इतना थोडा है, वो भी पी लेगा तो बचेगा क्या? पहले सादा सीसा पिलाओ. पेट भर जायेगा, फिर हमारावाला नहीं पियेगा.”

त्याला ती ‘बाटलीला पाजणं’ म्हणायची. पाजायची कामं बाटल्या धुवायच्या वेळी व्हायची, आणि बाटल्या धुताना बघायला कोण येतं? फाईलमध्ये कामाची रीत छापलेली होती, ती कुट्टी साहेब यायच्या आधीची. त्यात एवढंच होतं: ‘बाटल्या शुद्ध पाण्याने तीनदा खंगाळाव्यात.’ साहेब २००१ मध्ये निवृत्त होऊन गावी गेले. त्यानंतर बाटलीला पाजायचं हे जगात, निदान शहापूर तालुक्यात, एकट्या सुंदराला माहीत होतं.

आणि काट्यासमोरची ती लोखंडी फिरती खुर्ची तिची झाली होती. तिची म्हणजे काय, सरकारची. पण तिच्यावर दुसरं कोणी बसत नसे.

*

चिटणीस सर इथले प्रमुख, पण मोजणीयंत्रातले माणूस. काच, पाणी, आम्ल यांत त्यांना रस नव्हता, आकडा पडद्यावर आला की त्यांचं जग सुरू व्हायचं. त्यांनी समीक्षाला आणि सुंदराला समोर बसवलं आणि टेबलावर बोटाएवढी सीलबंद काचेची कुपी ठेवली.

“शिसे-२१०. परदेशातून आलंय, पुन्हा मिळायचं नाही. याच्यातून दहा बाटल्या बनवायच्या. देशातल्या दहा प्रयोगशाळांना एकेक जाईल. दहाही सारख्या निघाल्या तर शिशाचं माप यापुढे आपलं धरलं जाईल. नाही निघाल्या तर हे काम दुसरीकडे जाईल.”

“व्हतंय की सर,” सुंदरा म्हणाली. “कधी बसू?”

सरांनी चष्मा काढला. चष्मा काढला की ते वाईट बातमी देत.

“काट्यावर समीक्षा बसेल, सुंदराबाई. प्रमाणपत्रावर माप बनवणाऱ्याचं नाव आणि पदवी लिहावी लागते आता. नवा नियम आहे. ती एम.एस्सी. आहे. तुम्ही तिला शिकवा. आणि बाटल्यांचं बघा.”

“बाटल्यांचं.”

“धुवायचं वगैरे.”

सुंदरा हसली. असं हसली की समीक्षाने खाली बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. खरं सांगायचं तर सुंदराने शिकवलं काहीच नाही. ती काचेपल्याड उभी राहिली, बारा वर्षांपूर्वी उभी राहायची तशीच, आणि बघत राहिली. पोर खुर्चीची उंची वर करायला गेली तेव्हा तिने हातातल्या फडक्याची घट्ट गुंडाळी केली. नऊ वर्षं ती खुर्ची एकाच उंचीवर होती. पहिल्या दिवशी पोरीचे थेंब असे पडले की सुंदराला बघवेना. म्हणजे बघवत होतं, फार छान बघवत होतं.

“सुंदराबाई, माझा हात का हलतो?”

“हात नाय हलत. श्वास हलतो.”

हे तोंडातून निघून गेलं आणि तिने जीभ चावली. फुकट दिलं! समीक्षाने श्वास अर्ध्यावर धरला, थेंब सोडला. बरा पडला.

“अय्या, खरंच की! आणखी काय?”

“आनखी काय नाय. बारा वरसं बस, येईल.”

पोर बारा वर्षं बसणार नव्हती. ती सकाळी नऊला यायची आणि जेवायच्या सुट्टीतही बसायची. घरून आणलेली नाचणीची भाकरी दुपारी तीनला खायची, तीही उभ्याने. आठव्या दिवशी संध्याकाळी वजनांचा कागद काढून तिने तो सुंदरापुढे धरला. वीस थेंब. सुंदराने पहिला आकडा वाचला, दुसरा वाचला. मग बोट वर-खाली फिरवून सगळे वाचले. एकेका आकड्यावर बोट थोडं जास्त दाबलं जात होतं.

“कसे आहेत?”

“हायेत.”

“हायेत म्हणजे?”

“म्हंजी हायेत! पडलेत. कुटं हवेत नाय लटकलेत.”

घरी जयराम पडवीत बसून कोयत्याला धार लावत होता. सुंदरा येऊन पायरीवर बसली, चप्पलसुद्धा काढली नाही.

“काय झालं?”

“काय नाय.”

“त्या मुरबाडवालीचं काय? शिकतेय का?”

“शिकली.”

“बरी पडतात का तिची थेंबं?”

“बरी.”

“बरी म्हंजी किती बरी?”

सुंदराने आता कुठे चप्पल काढली. जयरामचं दगडावर कोयता घासणं थांबलं.

“माज्यावानी,” ती म्हणाली.

जयरामला हसू आवरलं नाही. “मंग चांगलंय की! तुला सोबत झाली.”

“सोबत? तुज्या जागेवर दुसरा कोन भात लावाया आनला आनि तू बांधावर बस म्हनलं, तर सोबत म्हनशील?”

“मी तर म्हनीन देव पावला.”

“तुला काय कळनार! आठ दिवस, जयराम. मला दोन वरसं लागली. ती आठ दिवसांत माजा हात घेऊन गेली.”

*

सोमवारी समीक्षा फाईल घेऊन न्हाणीत आली. बाटल्या धुवायच्या जागेला तिथे न्हाणीच म्हणत. सुंदराने नव्या दहा बाटल्या खोक्यातून काढून मांडल्या होत्या. वरच्या फळीवर शिशाच्या पाण्याची बरणी होती, कुट्टी साहेबांच्या हातचं लेबल असलेली. सुंदराचा हात तिच्यावरच होता.

“सुंदराबाई, बाटल्यांना काय काय करायचं असतं?”

हात बरणीवर थांबला.

“कागदात काय लिवलंय?”

“तीनदा खंगाळायचं. शुद्ध पाण्याने.”

“आनखी?”

“एवढंच आहे. का? आणखी काही करायचं असतं का?”

सरळ विचारलं होतं पोरीने. डोळ्यांत डोळे घालून. सुंदराने बरणी फळीवर आत सरकवली, मागच्या रांगेत.

“कागदात हाय तेवढंच करायचं,” ती म्हणाली. “शिकलेली मानसं लिवतात ते काय खोटं आसंल?”

आणि तिने दहाही बाटल्या तीनदा खंगाळल्या. इतक्या नीट की तसं कोणी खंगाळलं नसेल. प्रत्येक बाटली उजेडात धरून बघितली. एकही डाग नव्हता, आणि प्रत्येक बाटली उपाशी होती.

पहिल्या चार बाटल्या भरल्या. समीक्षाने कुपीतून मोजून थेंब सोडले, सौम्य आम्ल घातलं, झाकणं लावली. काट्याचे आकडे सुरेख होते. दोन दिवसांनी प्रत्येक बाटलीतला थोडा थोडा माल बाहेर काढून सरांच्या यंत्रावर मोजला. जिथे शंभर यायला हवे तिथे पहिलीत सत्त्याण्णव आले. दुसरीत त्र्याण्णव. तिसरीत शहाण्णव, चौथीत एक्क्याण्णव.

“हे काय आहे?” सरांचा आवाज पहिल्यांदाच काट्याच्या खोलीत चढला. “चार बाटल्या आणि चार तऱ्हा?”

“सर, मी वजनं दोनदा तपासलीयत...”

“वजनं बरोबर आणि माल कमी? मग गेला कुठे? उडून?”

“मला नाही माहीत सर.”

“चार बाटल्यांचा माल वाया गेला, समीक्षा. पुन्हा मिळणार नाही म्हणून पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

समीक्षाचे कान लाल झाले. रडली नाही. तिने पेन टोपणात घालायचा प्रयत्न केला, दोनदा चुकला. सुंदरा दारात फडकं घेऊन उभी होती. तिला वाटलं होतं, हे बघून फार बरं वाटेल. वाटलंही. गरम भाताचा पहिला घास जावा तसं खाली खाली गेलं. सर वळून म्हणाले, “सुंदराबाई, उरलेल्या सहा तुम्ही करा. नियमाचं मी बघतो. उद्यापासून तुम्ही बसा.”

“बरं सर.”

ती खुर्चीवर बसली आणि खुर्ची पुन्हा आपल्या उंचीला आणली.

त्याच दुपारी सरांचा शिपाई कुंडलिक चहा घेऊन आला. कुंडलिकच्या पोटात बातमी राहत नसे. “सर मोठ्या हापिसाला पत्र लिवतायत. पोरीला महिन्याअखेर मोकळी करायची म्हनतायत. हात नाय म्हने तिला.”

“हात नाय?” सुंदरा एकदम म्हणाली.

“सर म्हनले. मला काय ठावं?”

“हात हाय तिला,” सुंदरा म्हणाली, आणि कुंडलिक गेल्यावर स्वतःवरच चिडली. महिन्याअखेर जातेय तर जाऊ दे. सरळगावला दुसरी नोकरी मिळेल. शिकलेली आहे. तिने फळीवरून बरणी काढली आणि उरलेल्या सहा बाटल्या शिशाच्या पाण्याने गळ्यापर्यंत भरून खिडकीत ठेवल्या.

*

सकाळी ती आली तेव्हा समीक्षा त्या खिडकीपाशीच उभी होती. एका हातात ड्रॉपर, दुसऱ्या हातात परीक्षानळी.

“सुंदराबाई, या बाटल्यांत काय आहे?”

“पानी.”

“साधं?”

“मंग काय दूध आसतंय?”

समीक्षाने एका बाटलीतलं दोन थेंब पाणी परीक्षानळीत घेतलं. टेबलावरच्या छोट्या बाटलीतलं औषध त्यात टाकलं. पाणी गर्रकन पिवळं झालं. नुसतं पिवळं नाही, हळदीचं, देवाच्या पालखीपुढे उधळतात त्या भंडाऱ्याचं. नळीत सोनं खाली बसायला लागलं.

“हे कॉलेजात पहिल्याच वर्षी करतात,” समीक्षा म्हणाली. “शिसं असलं की असं होतं. साधं शिसं.”

सुंदराने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

“रात्रभर विचार करतेय मी, माल गेला कुठे. काल संध्याकाळी माझ्या चार बाटल्या रिकाम्या केल्या, आम्लाने आतून धुतल्या, ते धुवण आटवून यंत्रावर ठेवलं. जेवढा कमी आला होता तेवढा सगळा त्यात होता. काचेला चिकटून बसला होता.” तिने नळी स्टँडवर ठेवली. “आणि सकाळी येऊन बघते तर तुमच्या सहा बाटल्यांना आधीच साधं शिसं पाजून ठेवलेलं. म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“व्हतं.”

“मी तुम्हाला विचारलं होतं. इथेच. आणखी काही करायचं असतं का, म्हणून.”

“विचारलंस.”

“मग का नाय सांगितलात?” मुरबाड वर आलं होतं पोरीच्या बोलण्यात, आवाज फाटला. “मी काय केलंय तुमचं? सांगा ना! घास काढला का मी तुमच्या तोंडचा?”

“काढलास,” सुंदरा म्हणाली. तिलाही वाटलं नव्हतं ती असं म्हणेल. “आठ दिवसांत काढलास. माज्या हाताला बघायला लोकं पुन्याहून येयाची. आता तुज्या हाताला येतील. मी बाटल्या धुवायच्या. तू आसती तर काय केलं आसतंस? पेढे वाटले आसतेस?”

समीक्षा तिच्याकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडावर काहीतरी निराळंच.

“तुमच्या थेंबांची वजनं वाचून मी पहिल्या दिवशी घरी जाऊन रडले होते,” ती म्हणाली. “जुने कागद बघितले मी. ९८ सालचे. तसे माझे अजून नाही पडत. शेवटच्या आकड्यात माझे हलतात. तुम्ही नीट वाचलं नाही वाटतं.”

वाचलं होतं. सुंदराने वीसही ओळी वाचल्या होत्या. फक्त प्रत्येकातला शेवटचा आकडा मुद्दाम बघितला नव्हता, कारण तो बघितला असता तर रागवायला काही उरलं नसतं.

“मी सरांना सांगणार नाही,” समीक्षा म्हणाली. “मी सांगितलं तर वाटेल, आपली चूक बाईवर ढकलते. तुम्हाला सांगायचं तर सांगा. नाही तर महिन्याअखेर मी जातेच आहे.”

तिने बॅग उचलली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली.

सुंदरा खिडकीपाशी राहिली. सहा बाटल्या भरलेल्या होत्या. ओतायच्या, खंगाळायच्या, सुकवायच्या. दुपारी खुर्चीवर बसायचं, थेंब सोडायचे, सहाही शंभराला शंभर येणार. सगळं तिच्या हाताखाली होतं. आणि सगळीकडे सांगितलं जाणार की मुरबाडच्या पोरीला हात नाही. हे खोटं होतं. खोटं माप. तिने आजवर पुष्कळ भांडणं केली, जावेशी बोलणं टाकलं, जयरामला तीन दिवस उपाशी ठेवलं, पण खोटं माप तिच्या हातून बाहेर गेलेलं नव्हतं.

ती सरांच्या खोलीत गेली. दार वाजवलं नाही.

“सर, कागदात चूक हाय.”

“कुठल्या?”

“फाईलीत. नुसतं खंगाळून भागत नाय. बाटलीला पाजायला लागतं.” तिने सगळं सांगितलं. मडकं, काच, साधं शिसं, कुट्टी साहेब. सरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग चष्मा काढला.

“इतकी वर्षं आपल्या बाटल्या जुळत होत्या. कशा?”

“मी पाजत व्हते.”

“मग या वेळी का नाही पाजल्या?”

सुंदराने दाराकडे बघितलं. बाहेर समीक्षाची चप्पल दिसत होती, फक्त चप्पल.

“इसरले म्हनले तर चालंल का सर?”

“खरं असेल तर चालेल.”

“नाय मंग,” ती म्हणाली. “ती खुर्चीवर बसली व्हती म्हनून.”

सरांनी टेबलावरचं टाईप केलेलं पत्र उचललं, दोन तुकडे केले, टोपलीत टाकले. दुसरा कोरा कागद घेतला. तो सुंदरासाठी होता. वर्षभर काट्याच्या खोलीत बसायचं नाही. बाटल्यांचं काम फक्त. आणि रोज एक तास समीक्षाला सगळं सांगायचं, ती लिहून घेईल, नवी फाईल तयार होईल.

“सगळं?”

“सगळं, सुंदराबाई.”

नवी फाईल एकोणीस पानांची झाली. सुंदरा सांगायची, समीक्षा लिहायची, आणि दोघी प्रत्येक ओळीला भांडायच्या. ‘श्वास अर्ध्यावर धरावा’ असं लिहायचं की ‘सोडून धरावा’ यावरून दोन दिवस गेले. “बांगड्यांना रबर लावावं, हे पण लिव,” सुंदरा म्हणाली. “पुरुष आला तर?” “तर त्याने बांगड्या भराव्या!” उरलेल्या सहा बाटल्या समीक्षाने केल्या. सहाही जुळल्या. चार प्रयोगशाळांना मात्र त्या फेरीत बाटली मिळाली नाही, आणि शिशाचं काम वर्षभर अर्धंच या केंद्राकडे राहिलं. पेढे आले. सुंदराने एक खाल्ला. चांगला होता, त्याचाही तिला राग आला.

वर्ष संपल्यावर तिला काटा परत मिळाला, पण पाळीने. सोमवार, बुधवार सुंदरा; मंगळवार, गुरुवार समीक्षा. शुक्रवारी भांडण. २००७ साली समीक्षाला दक्षिणेकडल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत बोलावणं आलं आणि ती गेली. आता आठवडाभर खुर्ची सुंदराची होती. पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात ती जयरामला म्हणाली, “थेंब पडतात रे, पन कोनाला जळवायला?”

२००८ च्या दिवाळीत केंद्राच्या फोनवर समीक्षाचा फोन आला. कुंडलिकने हाक मारली. सुंदरा कोटाला हात पुसत धावत गेली, मग फोनपाशी पोचल्यावर सावकाश उचलला.

“कोन?”

“मी. समीक्षा. कशा आहात?”

“मी बरी. तू सांग. काटा बरा हाय का तिकडला?”

“काय सांगू सुंदराबाई! नवीन आलाय. आपल्यापेक्षा एक आकडा जास्त दाखवतो.”

पलीकडून समीक्षा आणखी काहीतरी सांगत होती, खोलीबद्दल, भाषेबद्दल, इडलीबद्दल. सुंदराच्या कानात काही शिरेना.

“थांब, थांब. एक आकडा जास्त म्हंजी? आपल्या शेवटच्या आकड्याच्या पन पुढला?”

“हो.”

“त्या आकड्यात तुजे थेंब हलतात का?”

“हलतात की. चार-पाचाने.”

“चार-पाचानं?” सुंदराने दुसरा कान हाताने दाबून धरला. “आनि माजे किती हलले आसते?”

“मला काय माहीत? तुमचे इथे कोणी तोललेच नाहीत.”

“तेच तर म्हनते मी! कोनी तोललेच नाहीत!” कुंडलिक दचकून बघायला लागला. सुंदराने त्याच्याकडे पाठ केली आणि तोंड फोनच्या अगदी जवळ नेलं. “ऐक गो. तिकडं पावन्यांना काट्यावर बसू देतात का?”